पाण्याखाली गेलेला डबा: जीपीएसने खूण कशी राखावी, कशी शोधावी

"मोबाइल म्हणतो पोहोचलात, आणि पाण्यावर तर काहीच दिसत नाही." पाऊस ओसरला आणि धरणे भरली की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मच्छीमार संस्थांचे सभासद हीच अडचण पुन्हापुन्हा सांगतात. जून महिन्यात दगड बांधून जाळ्याचा दोर सोडला, त्याला डबा लावला, मोबाइलमध्ये जागा टिपून ठेवली. ऑक्टोबरात डोंगा घेऊन गेले, तर डबा नाही. मग कोणी म्हणते डबा चोरीला गेला, कोणी म्हणते जीपीएस खोटे बोलते, कोणी नवे जाळे विकत आणायला उधारी काढते.

बहुतेक वेळा तिन्ही निष्कर्ष घाईचे असतात. डबा जागच्या जागी, पाण्याखाली हातभर असतो. जीपीएसने सांगितलेली जागाही बरीचशी बरोबर असते. चुकलेली असते ती नोंद. एका जाळ्याच्या किमतीत ढिवर कुटुंबाचे कित्येक दिवसांचे पोट असते, म्हणून ही नोंद कशी घ्यायची आणि नंतर शोध कसा करायचा, हे इथे सविस्तर सांगत आहोत. इरई, आसोला मेंढा, नलेश्वर, घोडाझरी, रेगडीचा कन्नमवार जलाशय अशा मोठ्या पाण्यासाठी हे आहे. गावच्या बोडीत किंवा लहान मामा (माजी मालगुजारी) तलावात तुम्हाला जीपीएसची गरज नाही. पाळीवरचे झाड आणि तुडुम यांच्या आधारानेच तुम्ही जागा अचूक सांगता.

आधी ठरवा: शोधायचे काय आहे?

सगळ्या खुणांना सारखी अचूकता लागत नाही. तीन प्रकार वेगळे धरा.

- जाळ्याचे किंवा पिंजऱ्याचे वजन (दगड, सिमेंटचा ठोकळा, नांगर). इथे दहा मीटरच्या आत पोहोचलात तरी पुरे, पुढचे काम गळ करतो.
- बुडालेले खुंट. धरणाखाली गेलेल्या जंगलातले साग-ऐनाचे बुंधे वर्षानुवर्षे उभे राहतात आणि जाळी फाडतात. इथे तुम्हाला नेमके खुंटावर जायचे नसते, त्याला टाळायचे असते. त्यामुळे भोवती पंधरा-वीस मीटर सोडले की झाले.
- हद्द. संस्थेच्या ठेक्याची, तलावाच्या बुडीत क्षेत्राची किंवा ग्रामसभेच्या दाव्याची हद्द. इथे मोबाइलचे माप पुरत नाही, त्याबद्दल शेवटी.

मोबाइलची चूक किती धरायची?

मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत सरकत असे. ते बंद झाले. आज उघड्या आभाळाखाली चांगला मोबाइल साधारण तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतो. जलाशयाच्या मधोमध आभाळ पूर्ण उघडे असते, म्हणून जंगलापेक्षा पाण्यावर जीपीएस चांगले चालते. काठाच्या दाट झाडीखाली किंवा टेकडीच्या कुशीत मात्र चूक सहज दुप्पट-तिप्पट होते.

अ‍ॅपमध्ये "अचूकता ५ मीटर" असे दिसते, त्याचा अर्थ नीट समजून घ्या. अँड्रॉइड मोबाइलमध्ये हा आकडा म्हणजे हमी नव्हे. तुम्ही त्या पाच मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के, म्हणजे दर तीन वेळांत एकदा तुम्ही वर्तुळाबाहेर असता. शिवाय चूक दोनदा होते: एकदा नोंद घेताना, एकदा परत जाताना. म्हणून शोधाचे वर्तुळ नेहमी दाखवलेल्या आकड्याच्या दुप्पट धरा. पाच दाखवत असेल तर दहा मीटर.

पाण्यावर घसरत खेळल्या जाणाऱ्या स्कीइंगच्या स्लॅलम मार्गाचे उदाहरण इथे उपयोगी आहे. त्या मार्गाची लांबी २५९ मीटर असते, बोटीच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना साडेअकरा मीटरवर मिळून सहा वळणखुणा असतात, आणि नावांना अडथळा नको म्हणून अनेक ठिकाणी हे डबे वापर नसताना पाण्याखाली ओढून ठेवतात. ते पुन्हा सापडावेत म्हणून जीपीएस वापरता येते. पण डब्यांमधली अंतरे दोरीने आणि मोजणीच्या यंत्रानेच ठरवावी लागतात, कारण तिथे फार थोडाच फरक चालतो. तुमच्या पिंजऱ्यांच्या रांगेलाही हाच नियम लावा. रांगेतली अंतरे दोरीने मोजा. रांग कुठे आहे एवढेच जीपीएसला विचारा.

डब्याची नव्हे, दगडाची नोंद घ्या

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो.

डबा वाऱ्याबरोबर फिरतो, दगड फिरत नाही. दोर दहा मीटर आणि पाणी आठ मीटर खोल असेल, तर वाऱ्याने ताणलेला डबा दगडापासून सहा मीटर दूर तरंगतो. पाणी उतरून सहा मीटर झाले की तोच डबा आठ मीटर दूर जातो. तुम्ही डब्याजवळ डोंगा लावून जागा टिपली, तर ही चूक जीपीएसच्या चुकीत मिसळते. पाच मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ७८ चौरस मीटर पाणी. तेरा मीटर त्रिज्येचे म्हणजे पाचशेहून जास्त. शोध सातपट वाढला, आणि दोष जीपीएसचा नाहीच.

म्हणून नोंद अशी घ्या:

1. दगड सोडल्यावर लगेच, डोंगा हलण्याआधी दोर हाताने ताणून अगदी सरळ उभा करा. दोर खाली सरळ जातो तिथेच दगड आहे.
2. मोबाइल दोराच्या वर, उघड्या आभाळाखाली धरा. दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्या. पहिला आकडा कधी टिपू नका, तो हमखास सरकतो. हातातल्या गार्मिन यंत्रात सरासरी काढण्याची सोय असते, ती वापरा.
3. वाऱ्याने डोंगा सरकत असेल तर एकाने दोर धरून ठेवायचा, दुसऱ्याने टिपायचे. एकट्याने दोन्ही करू नका.
4. त्याच दोरावर खोली मोजा. दोराला दर मीटरला गाठ मारून ठेवली असेल तर हे काम क्षणात होते.
5. दुसऱ्या दिवशी परत एकदा तीच जागा टिपा. दोन नोंदींत दहा मीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसरी घ्या.

पाण्याची पातळी लिहिली नाही, तर नोंद अर्धीच

धरणाचे पाणी वर्षभरात काही मीटर चढते-उतरते. डबा "हरवण्याचे" मुख्य कारण हेच आहे: दोर तोकडा पडतो आणि भरलेले पाणी डब्यालाच खाली ओढून ठेवते. वैनगंगेवरच्या चिचडोहसारख्या बॅरेजमध्ये तर दरवाजे बंद झाले की पातळी पाहता पाहता बदलते.

हिशोब सोपा आहे. पाटबंधारे विभाग रोज धरणाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये नोंदवतो. भिंतीजवळच्या मोजपट्टीवर ती वाचता येते, पावसाळ्यात वर्तमानपत्रातही येते. समजा इरईची पातळी २०५ मीटर असताना तुम्ही दगड सोडला आणि खोली सहा मीटर भरली. म्हणजे तुमचा दगड १९९ मीटरवर आहे. पुढे पातळी २०७ झाली की त्या जागी आठ मीटर पाणी असेल. तुमचा दोर सात मीटरचा असेल, तर डबा पाण्याखाली बरोबर एक मीटर आहे. चोरी झालेली नाही. डब्याला वर यायला दोर पुरत नाही, एवढेच.

यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, दोर नेहमी धरण पूर्ण भरल्यावर त्या जागी जी खोली होईल तिच्यापेक्षा पाव हिश्शाने जास्त ठेवा. दोन, डबा मुद्दामच बुडवून ठेवायचा असेल (चोरी टाळायला अनेक जण तसे करतात), तर तो किती खोल बुडेल हे आधी या हिशोबाने काढा. पाण्याखाली एक मीटरवरचा डबा गळाला सहज लागतो. चार मीटरवरचा लागायला दिवस जातो.

जमिनीवरची ओळ सोडू नका

तुमचे आजे मोबाइलशिवाय जागा शोधत. पाळीवरचा एक मोह आणि त्यामागच्या टेकडीवरचे देऊळ एका रेषेत आले, आणि दुसऱ्या अंगाला सांडव्याचा खांब आणि दूरचा मोबाइल टॉवर एका रेषेत आला, की त्या दोन रेषा जिथे कापतात ती जागा. ही पद्धत आजही जीपीएसइतकीच चांगली आहे, काठापासून दोन-तीनशे मीटरच्या आत तर जास्त चांगली. बॅटरी संपत नाही, मोबाइल पाण्यात पडत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या जागेच्या दोन ओळी लिहून ठेवा. निवडलेल्या दोन खुणांपैकी एक जवळची आणि एक बरीच लांबची हवी. दोन्ही जवळजवळ असतील तर ओळ ढिली पडते. कापले जाईल असे झाड निवडू नका.

खुंटांचे काम उन्हाळ्यातच करा

एवढा एकच सल्ला पाळला तरी वर्षाकाठी जाळी वाचतील. चैत्र-वैशाखात पाणी उतरले की बुडालेले जंगल उघडे पडते. गाळ वाळला की बुंध्यापर्यंत चालत जाता येते. त्या वेळी प्रत्येक मोठ्या खुंटाशी उभे राहून जागा टिपा. इथे दोर नाही, वारा नाही, डोंगा हलत नाही. हीच वर्षातली सर्वांत अचूक नोंद असते.

ज्या खुंटांचा त्रास दरवर्षी होतो, त्यांचा फोटो घ्या आणि जमिनीपासूनची उंची मोजा. तीन मीटर उंचीचा खुंट ज्या जागी भरल्या पाण्यात बारा मीटर खोली असते, तिथे वरच्या थरातले जाळे तो फाडणार नाही. पाणी पाच मीटरवर आले की मात्र नक्की फाडेल. कोणते खुंट कोणत्या महिन्यात धोक्याचे, हे त्यावरून कळते.

खुंट उपटण्याची घाई करू नका. खुंटांभोवती मासे थारा घेतात, पिल्ले वाढतात. हे तुम्हाला ठाऊक आहे. जलाशय वनहद्दीत असेल तर लाकूड काढण्याला वेगळी परवानगी लागते. खूण करून टाळणे बहुतेक ठिकाणी पुरते.

गाळात चालताना मात्र सोबत लांब बांबू ठेवा. वर कडक दिसणारा गाळ खाली ओला असतो.

आकडे लिहिण्यातल्या चुका

जागा म्हणजे दोन आकडे: अक्षांश आणि रेखांश. आपल्या दोन जिल्ह्यांत पहिला आकडा साधारण १८ ते २१ आणि दुसरा ७८ ते ८१ यांच्या दरम्यान येतो. उलटे दिसले तर आकडे अदलाबदल झाले आहेत.

- दशांशानंतर पाच अंक लिहा. पाचवा अंक म्हणजे सुमारे एक मीटर. चारच लिहिले तर अकरा मीटरपर्यंत फरक पडतो, तीन लिहिले तर शंभराहून जास्त. सहावा-सातवा अंक मोबाइल दाखवतो, पण त्यात काही सत्य नसते.
- अंश-मिनिट-सेकंद आणि दशांश अंश यांची सरमिसळ करू नका. एक सेकंद म्हणजे जवळपास तीस मीटर. २०.३०१५० या आकड्याला कोणी २० अंश ३० मिनिटे वाचले, तर तुम्ही वीस किलोमीटर दूर जाल. संस्थेत सगळ्यांनी एकच पद्धत ठरवा. आमच्या मते दशांश अंशाची.
- नकाशावर बोट दाबून खूण टाकू नका. गूगल मॅप्समध्ये बोट दाबले की खूण बोटाखाली पडते, तुम्ही उभे आहात तिथे नाही. "माझे ठिकाण" निवडूनच जतन करा.
- उपग्रहाच्या चित्रावरून डब्याची जागा ठरवू नका. ते चित्र कुठल्या ऋतूतले, किती पाण्यातले हे तुम्हाला माहीत नसते, आणि चित्र स्वतःच काही मीटर सरकलेले असू शकते.
- जुन्या टोपोशीटचे आकडे थेट मोबाइलमध्ये घालू नका. जुन्या नकाशांचा मापाचा पाया वेगळा आहे. जागा बरीच सरकते. मोबाइल आणि गार्मिन दोन्हींत डब्ल्यूजीएस ८४ हीच निवड ठेवा.
- व्हॉट्सअ‍ॅपचे "लाइव्ह लोकेशन" ही नोंद नाही. ते काही तासांत संपते. आकडे संदेशात लिहून पाठवा.

मोबाइलच्या भरवशावर सगळे सोडू नका. संस्थेच्या वहीत पेनाने लिहा: खुणेचे नाव, दोन्ही आकडे, तारीख, धरणाची पातळी, खोली, दोराची लांबी, जमिनीवरच्या दोन ओळी, टिपणाऱ्याचे नाव. एका ओळीत बसते. ही वही कोणाच्या घरी असते ते सगळ्यांना माहीत असावे, पण तिचे फोटो गावभर फिरू देऊ नका. जाळ्याची जागा म्हणजे जाळेच.

शोधायला निघताना

नेटवर्क नसले तरी जीपीएस चालते, हे अजूनही अनेकांना पटत नाही. सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो, टॉवरकडून नाही. फक्त नकाशाचे चित्र इंटरनेटवरून येते, म्हणून तेवढा भाग घरीच डाउनलोड करून घ्या. मोबाइलची बॅटरी बचत बंद करा, लोकेशनच्या परवानगीत "अचूक" निवडा, आणि काठावर पाच मिनिटे उघड्यावर थांबून मग निघा.

लागणारे सामान: भरलेला मोबाइल प्लास्टिकच्या बंद पिशवीत, वही, गाठी मारलेला दोर, विहिरीतली बादली काढायचा गळ, वीट बांधलेले दोन रिकामे डबे, आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट.

1. वारा नसलेली सकाळ निवडा. दुपारी लाटांत पाण्याखालचा डबा नजरेला पडत नाही.
2. निघण्याआधी आजची पातळी विचारा आणि डबा किती खोल असेल ते वर सांगितल्याप्रमाणे काढा.
3. जवळ आल्यावर मोबाइलवरचा बाण पाहू नका. हळू चालणाऱ्या डोंग्यात बाण भलतीकडे फिरतो, इंजिनाच्या लोखंडाने तर आणखीच. उरलेले अंतर पाहा: वीस, पंधरा, आठ.
4. अंतर सर्वांत कमी झाले की लगेच वीट बांधलेला डबा तिथे टाका. हे पाऊल लोक गाळतात आणि मग वाऱ्याने सरकत सरकत त्याच पाण्यात दोनदा शोधतात. आता तुमचे केंद्र पाण्यावर पक्के झाले.
5. जमिनीवरच्या ओळी जुळतात का पाहा. जुळत नसतील तर ओळी जिथे जुळतात तिथे दुसरा डबा टाका. शोध या दोन डब्यांच्या मधल्या पट्ट्यात सुरू करा.
6. गळ डब्याच्या अंदाजे खोलीपेक्षा दीड-दोन मीटर खाली सोडा आणि वाऱ्याच्या विरुद्ध, अगदी हळू वल्हवा. वाऱ्याबरोबर गेलात तर डोंगा तुमच्या ताब्यात राहत नाही.
7. एक पट्टा झाला की दोन मीटर बाजूला सरकून दुसरा. वर्तुळ संपेपर्यंत.
8. दोन डोंगे असतील तर त्यांच्यामध्ये वीस मीटरचा दोर, मध्ये हलके वजन लावून ओढा. बुडालेल्या डब्याचा दोर त्यात अडकतो. खुंट असलेल्या भागात हे कधीही करू नका. दोर अडकला तर डोंगा कलंडतो.

सापडलेच नाही तर

पूर्ण वर्तुळ दोनदा धुंडाळूनही काही लागले नाही, तर थांबा. तीन शक्यता उरतात: दोर तुटला, इकॉर्नियाच्या (जलपर्णीच्या) थराने किंवा पुराने दगडासकट ओढून नेले, किंवा कोणी काढले. इकॉर्निया ज्या काठाला साचतो तिथे आणि सांडव्याच्या बाजूला एक फेरी मारा. वाहून गेलेली जाळी बहुधा तिथेच निघतात.

बाकीचे उन्हाळ्यावर सोडा. पण विसरू नका. पाण्यात राहिलेले नायलॉनचे जाळे मासे मारतच राहते, आणि ते मासे कोणी काढत नाही, खातही नाही. म्हणून न सापडलेल्या जाळ्यांची वहीत वेगळी यादी ठेवा आणि पाणी उतरताच ती जाळी आधी काढा. दुसऱ्याचे जाळे सापडले तरी काढून संस्थेत जमा करा.

जिवापुढे जाळे नाही

२०२४ च्या जानेवारीत चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या महिलांचा जीव गेला. पाणी ओळखीचे होते, काठ समोर दिसत होता. हे लक्षात ठेवून पुढच्या गोष्टी पाळा.

- बुडालेले जाळे सोडवायला बुडी मारू नका. जाळे आणि खुंट यांच्यात हात-पाय अडकले तर चांगला पोहणाराही वर येत नाही.
- बॅरेजचे दरवाजे, सांडवा आणि धरणाची भिंत यांच्याजवळ गळ टाकू नका. विसर्गाचा इशारा असेल त्या दिवशी निघूच नका.
- मोबाइल बघणारा आणि वल्हवणारा वेगळा असावा.
- मगरींचा वावर असलेल्या पाण्यात काठाशी उथळ उतरून शोध घेऊ नका.

यंत्र कोणते घ्यावे?

दहा-बारा खुणांसाठी मोबाइल पुरतो. नवा घेणारच असाल तर दुहेरी लहरींचे जीपीएस आणि भारताचे स्वतःचे नाविक दोन्ही घेणारा पाहा. संस्थेच्या शंभरेक खुणा असतील, तर हातातले साधे गार्मिन ईट्रेक्ससारखे यंत्र सोयीचे: पाणी सोसते, साध्या सेलवर चालते.

विकत घेताना एक काळजी जरूर घ्या. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी यंत्रे दिसायला जीपीएससारखीच असतात, पण भारतात परवान्याशिवाय ती बाळगणे गुन्हा आहे. परदेशातून कोणी भेट आणली असेल तर आधी तपासा. साधे, फक्त जागा सांगणारे जीपीएस बाळगायला परवाना लागत नाही. तरी गडचिरोलीच्या आतल्या भागात नोंदी घेत फिरताना संस्थेचे किंवा ग्रामसभेचे पत्र आणि ओळखपत्र खिशात असू द्या. विचारणा झाली की मिनिटात उत्तर देता येते.

हद्द, हक्क आणि कागद

मोबाइलवर टिपलेला बिंदू तुमच्या कामासाठी आहे. हद्दीच्या वादात तो पुरावा म्हणून एकटा उभा राहत नाही. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी आहे: तुमच्या बाजूने तसा तो तुमच्याविरुद्धही निर्णायक नाही.

- तलावाच्या बुडीत क्षेत्रात अतिक्रमण झाले असे वाटत असेल, तर जीपीएसचे बिंदू आणि फोटो तक्रारीला जोडा, पण मागणी भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचीच करा. त्यांचे रोव्हर यंत्र काही सेंटिमीटरपर्यंत माप देते. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि तुमची वही सोबत न्या.
- मामा तलाव असेल, तर गावाचे निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला काढा. मालगुजारी १९५१ मध्ये संपली आणि तलाव सरकारकडे आले, पण पाणी आणि मासे यांबद्दलच्या गावच्या वहिवाटी या कागदांत सापडू शकतात.
- ठेक्याची हद्द करारासोबतच्या नकाशाने ठरते. नकाशा मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली करार, नकाशा आणि धरणाच्या रोजच्या पातळीची नोंद, तिन्ही एकाच अर्जात मागा.
- वनहक्क कायदा, २००६ कलम ३(१)(घ) मध्ये पाणवठ्यातले मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. ढिवर कुटुंबे अनुसूचित जमातीत मोडत नाहीत; त्यांना "इतर पारंपरिक वननिवासी" म्हणून दावा करता येतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हाही पुरावा आहे.
- "उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही, म्हणून दावा नाकारला" असे कोणी सांगितले तर २०१२ च्या सुधारित नियमांकडे बोट दाखवा. उपग्रहाचे चित्र आणि तंत्रज्ञान इतर पुराव्याला पूरक आहेत, त्याच्या जागी ते घेता येत नाहीत, असे त्यात लिहिले आहे. नकाराचे कारण लेखी मागा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. दावा करायचा असलेल्या ग्रामसभांनी त्यांच्याकडून कागद कसे लावले ते जाऊन पाहावे.
- अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्प. इरईच्या पाण्याचा काही भाग ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. घोडाझरीला २०१८ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. तिथे मासेमारीला आणि शोधासाठी आत जायलाही वनविभागाची परवानगी लागते. कोणत्या खुणेपासून पुढे जायचे नाही हे वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून लेखी घ्या आणि ते बिंदू तुमच्या वहीत लाल शाईने लिहा. वाऱ्याने डोंगा हद्दीत गेला तर मोबाइलमधला त्या दिवसाचा मार्ग जतन करून ठेवा. तुम्ही कुठून कसे आलात हे त्यावरून दाखवता येते.

संस्थेची कार्यकारिणी बदलते किंवा ठेका दुसऱ्याकडे जातो, तेव्हा खुणांची वही जुन्या अध्यक्षाच्या घरी राहून जाते. हस्तांतराच्या दिवशी वहीची झेरॉक्स नव्या मंडळींना द्या, मिळाल्याची सही घ्या, आणि मूळ वही संस्थेच्या कपाटात ठेवा. पाण्यात अजून उभे असलेले दगड आणि दोर कोणाचे, हे त्याच दिवशी ठरवून वहीत लिहा.